बर्फावरची गाडीही तापते! मग शिरवण्याच्या ट्रॅफिकमध्ये तुमच्या बाईकचं काय होत असेल?

बर्फावर चालणारी गाडी इंजिन गरम झाल्यामुळे बंद पडली, असं कुणी सांगितलं तर पटेल का? आजूबाजूला बर्फ, हवा शून्याच्या खाली आणि इंजिन मात्र उकळतंय! ऐकायला गंमत वाटते, पण स्नोमोबाईल चालवणाऱ्यांसाठी ही नेहमीची डोकेदुखी आहे. त्यामागचं कारण कळलं, की मे महिन्यात सायन-पनवेल महामार्गावर रांगेत अडकलेली आपली बाईक का तापते, हेही लगेच कळतं.

जुईनगर स्टेशनजवळचं शिरवणेच घ्या. जुनं गावठाण, महामार्गापलीकडे टीटीसी एमआयडीसीचे कारखाने आणि थोडं पुढे तुर्भ्याचं एपीएमसी मार्केट. म्हणजे सकाळ-संध्याकाळ ट्रक, टेम्पो, कंपन्यांच्या बस, रिक्षा आणि या सगळ्यांच्या फटीतून वाट काढणाऱ्या बाईक. अशा रस्त्यावर गर्दीच्या वेळी गाडी धावते कमी आणि उभी जास्त राहते. इंजिनाची खरी परीक्षा नेमकी तेव्हाच असते.

ती कशी, ते एकेक करून पाहू.

शंभर रुपयांचं पेट्रोल जातं कुठे?

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. पण इंजिन ती सगळी चाकांपर्यंत पोहोचवू शकत नाही. पेट्रोल इंजिनात जेमतेम पाव ते एक तृतीयांश ऊर्जा गाडी पुढे ढकलायला वापरली जाते. उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. काही भाग सायलेन्सरमधून धुरासोबत जातो आणि बराचसा भाग इंजिनाच्या धातूत उतरतो.

थोडक्यात, शंभर रुपयांचं पेट्रोल टाकलं तर पंचवीस-तीस रुपये प्रवासाचे. बाकीच्या पैशांची शेकोटी!

सिलिंडरमध्ये ठिणगी पडते तेव्हा आतल्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरीही पिस्टन वितळत नाही, कारण तो स्फोट क्षणभराचा असतो आणि धातूत शिरलेली उष्णता सतत बाहेर काढली जात असते. हे काढणं थांबलं, की मेकॅनिकच्या भाषेत ‘इंजिन काम’ निघतं.

म्हणून प्रत्येक इंजिनाला उष्णता टाकायला एक जागा लागते. बाईकसाठी ती जागा म्हणजे समोरून येणारा वारा. स्नोमोबाईलसाठी ती जागा म्हणजे बर्फ.

बर्फ आहे, पण इंजिनापर्यंत पोहोचत नाही

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या जोसेफ-आर्मंड बोंबार्डिए यांनी १९५९ साली ‘स्की-डू’ ही छोटी स्नोमोबाईल बाजारात आणली आणि बर्फावरच्या दुचाकीसारखी ही गाडी लोकप्रिय झाली. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा. आपल्याकडे गुलमर्ग किंवा मनालीला गेलेले पर्यटक जिला ‘स्नो स्कूटर’ म्हणतात, तीच ही.

आजच्या बऱ्याच स्नोमोबाईलमध्ये इंजिनाभोवती कूलंट फिरतं. पण कारसारखा पुढे जाळीचा रेडिएटर लावला, तर त्यात बर्फ भरून तो बंद पडण्याची भीती. म्हणून गरम कूलंट सीटखालच्या बोगद्यासारख्या भागात, पट्ट्याच्या अगदी वर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांमधून फिरवतात. गाडी पळायला लागली, की पट्टा खालचा भुसभुशीत बर्फ उडवतो. तो बर्फ त्या नळ्यांवर आपटतो, वितळतो आणि उष्णता घेऊन खाली पडतो.

बर्फ या कामात फार तरबेज आहे. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे बर्फाचं तापमान अंशभरही न वाढता तो प्रचंड उष्णता गिळतो.

अडचण येते ती बर्फ कमी पडल्यावर. वाट कडक झालेली असेल, वर नुसतं गुळगुळीत आइस असेल किंवा मधेमधे माती उघडी पडली असेल, तर पट्ट्याला उडवायला काही मिळत नाही. बाहेर हवा कितीही गार असो, नळ्यांवर बर्फ आपटला नाही की कूलंट तापायला लागतं. पट्टा ज्या प्लास्टिकच्या सरींवर घासत फिरतो, त्या सरींनाही थंडावा बर्फाचाच मिळतो. तो नसेल तर त्या झिजतात, वितळतात.

यावरचा उपाय एकदम देशी जुगाड वाटावा असा आहे. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगसारख्या लवचिक तारा लावतात. त्या कडक बर्फ खरवडत जातात आणि त्याचा चुरा वर उडवतात. या तारांना ‘स्क्रॅचर’ म्हणतात. त्या नसतील तर चालक अधूनमधून गाडी वाटेच्या कडेच्या मऊ बर्फात घालतात किंवा सरळ थांबून इंजिन गार होऊ देतात.

हा प्रश्न फक्त कॅनडाचा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गमध्ये ऐन हंगामात बर्फाअभावी उघडे पडलेले उतार सगळ्या देशाने बातम्यांमध्ये पाहिले. २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ कमी असल्यामुळे फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

बाईकचा ‘बर्फ’ म्हणजे वारा

आता पुन्हा आपल्या रस्त्यावर येऊ. स्प्लेंडरसारख्या साध्या बाईकचं इंजिन नीट पाहिलंत, तर त्याच्या बाहेरच्या बाजूला एकावर एक पातळ धातूच्या पट्ट्या दिसतील. त्यांना फिन्स म्हणतात. त्या शोभेसाठी नसतात. त्यांच्यामुळे इंजिनाचा हवेला लागणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. गाडी ताशी ४०-५० किलोमीटरने चालली, की फिन्सच्या फटींमधून वारा जातो आणि उष्णता घेऊन मागे निघून जातो. ना पाणी, ना पंप, ना पंखा. स्वस्त आणि बिनकटकटीचं.

पण या व्यवस्थेची एक अट आहे. गाडी चालत राहायला हवी.

गाडी उभी राहिली की वारा थांबतो. फिन्समधली हवा तिथेच तापते आणि हळूहळू वर सरकते. इंजिन न्यूट्रलवर असताना पेट्रोल कमी जळतं, उष्णताही कमी तयार होते, हे खरं. पण ती बाहेर पडण्याचा वेग त्याहून जास्त कमी झालेला असतो. त्यात शेजारी ट्रकचं तापलेलं इंजिन, खाली भाजलेलं डांबर आणि वर दुपारचं ऊन. जी हवा थंड करायला यायची, तीच गरम.

आणखी एक गोष्ट घडते, जिच्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. रांग फूटभर सरकली की आपण अर्धा क्लच दाबून गाडी पुढे ढकलतो. अर्ध्या क्लचमध्ये क्लच प्लेट एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणाची उष्णता थेट इंजिन ऑइलमध्ये जाते, कारण बहुतेक बाईकमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. लहान बाईकमध्ये हे ऑइल असतं एक लिटरच्या आसपास. तेवढ्याच ऑइलने इंजिनाला वंगणही द्यायचं, क्लचही सांभाळायचा आणि पिस्टनखालची उष्णताही वाहून न्यायची.

कडक झालेल्या बर्फावरची स्नोमोबाईल आणि ट्रॅफिकमधली बाईक यांचं दुखणं एकच आहे. गार करणारी गोष्ट आजूबाजूला भरपूर आहे, पण ती इंजिनावर येऊन आदळत नाही.

मग स्कूटर आणि रिक्षा कशा तग धरतात?

स्कूटरचं इंजिन सीटखाली, झाकणाच्या आत असतं. तिथे वारा पोहोचतच नाही. मग ती बाईकपेक्षा जास्त तापायला हवी ना?

नाही. कारण ॲक्टिव्हासारख्या स्कूटरमध्ये इंजिनाच्या क्रँकशाफ्टलाच एक पंखा जोडलेला असतो. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. हा पंखा बाहेरची हवा ओढतो आणि प्लास्टिकच्या काळ्या कव्हरमधून थेट सिलिंडरवर सोडतो. गाडी उभी असली तरी वारा थांबत नाही. एकेकाळी घराघरात असलेल्या बजाज चेतकमध्येही हीच युक्ती होती आणि मागे इंजिन असलेल्या अनेक रिक्षांमध्येही हीच असते.

म्हणूनच नुसतं रांगेत उभं राहण्यापुरतं बोलायचं, तर साध्या बाईकपेक्षा स्कूटरची व्यवस्था जास्त बरी. मात्र ते काळं कव्हर फुटलं असेल किंवा दुरुस्तीनंतर नीट बसवलं नसेल, तर पंख्याची हवा भलतीकडेच जाते. पंख्याच्या जाळीत चिखल किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली तरी तेच. पुढच्या सर्व्हिसिंगला ही एक गोष्ट आवर्जून बघायला सांगा.

रेडिएटर असला की चिंता मिटली?

केटीएम ड्यूक किंवा पल्सर एनएस २०० सारख्या बाईकमध्ये आणि आजच्या जवळपास सगळ्या कारमध्ये इंजिनाभोवती कूलंट फिरतं. पाणी हे काम हवेपेक्षा किती चांगलं करतं? तेवढ्याच आकारमानाचं पाणी तेवढंच तापवायला हवेच्या जवळपास ३५०० पट उष्णता लागते. म्हणून ताकदवान इंजिनांना पाण्याशिवाय पर्याय नसतो.

पण कूलंटने इंजिनातून घेतलेली उष्णता शेवटी रेडिएटरच्या जाळीतून हवेतच टाकायची असते. गाडी थांबली, की इथेही वारा थांबतो. तेव्हा इलेक्ट्रिक पंखा सुरू होतो. सिग्नलला ड्यूकवाल्याच्या पायांना जी गरम झुळूक लागते, ती हीच. पंखा चालू असणं म्हणजे बिघाड नाही, गाडी स्वतःची काळजी घेतेय. पंखा सुरूच होत नसेल, तेव्हा काळजी करा.

दमट हवेत इंजिन जास्त तापतं का?

नवी मुंबईत राहणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. ३४ अंशांतही आपला जीव नकोसा होतो, कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही. आपलं शरीर घाम वाळवून गार होतं. इंजिनाला घाम येत नाही. त्यामुळे दमटपणाचा त्याच्या तापण्याशी फारसा संबंध नाही. त्याला फरक पडतो तो हवेच्या तापमानाचा आणि तिच्या वेगाचा. थोडक्यात, खाडीकाठची दमट दुपार चालकाला जास्त छळते आणि विदर्भातली कोरडी ४४ अंशांची दुपार इंजिनाला.

गाडी आधी इशारा देते

साध्या बाईकला तापमानाचा काटा नसतो. म्हणून या खुणा ओळखायला हव्यात :

- पिकअप कमी होणं. ॲक्सिलरेटर पिळला तरी गाडी ओढत नाही.
- न्यूट्रल न सापडणं. क्लच आणि ऑइल तापलं की गिअर अडकल्यासारखे पडतात.
- आवाज बदलणं. चढावर किंवा ओढताना इंजिनातून धातूवर टकटक केल्यासारखा आवाज येतो. याला नॉकिंग म्हणतात.
- जळका वास. ऑइलचा किंवा क्लच प्लेटचा.
- रेडिएटरवाल्या गाडीत काटा लाल पट्ट्यात जाणं किंवा तापमानाचा लाल दिवा लागणं.

यातल्या एक-दोन खुणा दिसल्या तर ‘घरी पोचलो की बघू’ म्हणू नका. पिस्टन प्रमाणाबाहेर तापून फुगला, की सिलिंडरमध्ये चिकटतो आणि इंजिन सीझ होतं. महामार्गावर मागून ट्रक येत असताना मागचं चाक अचानक जाम होणं जिवावर बेतू शकतं. असं झालं तर पहिल्यांदा क्लच पूर्ण दाबा, म्हणजे चाक इंजिनापासून सुटं होतं, आणि गाडी कडेला घ्या.

ट्रॅफिकमध्ये नेमकं काय करायचं?

१. मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचं दिसलं, तर इंजिन बंद करा. उष्णता तयारच झाली नाही तर काढायचा प्रश्न नाही. पेट्रोलही वाचतं.

२. अर्धा क्लच टाळा. फूट-फूट सरकण्यापेक्षा पुढे थोडी जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून पुढे जा. थांबलात की न्यूट्रल.

३. उभ्या गाडीला रेस देऊ नका. ‘रेस दिली की गार होतं’ हा समज साध्या बाईकच्या बाबतीत चुकीचा आहे. पंखाच नाही, तर नुसती उष्णता वाढते.

४. इंजिनासमोरची जागा मोकळी ठेवा. पावसाळ्यात पायांवर चिखल उडू नये म्हणून लेगगार्डला लावलेलं रेक्झिनचं कव्हर उन्हाळ्यात काढायचं राहून जातं. पुढे लटकवलेल्या पिशव्याही वारा अडवतात.

५. फिन्स आणि रेडिएटर स्वच्छ ठेवा. वाळलेला चिखल आणि ऑइलवर बसलेली धूळ इंजिनावर गोधडीचं काम करते. धुवायचं ते इंजिन गार असताना.

६. ऑइलची पातळी पंधरा दिवसांतून एकदा बघा. अर्धं ऑइल म्हणजे उष्णता वाहून नेणारे हातही अर्धे.

७. कारवाल्यांसाठी : काटा वर चढायला लागला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण चालू करा. घामाघूम व्हाल, पण हीटरमध्ये इंजिनाचंच गरम कूलंट फिरत असतं. म्हणजे तो तुमच्यासाठी जास्तीचा छोटा रेडिएटर ठरतो. काटा लाल पट्ट्यात गेलाच असेल, तर मात्र गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करणं हाच मार्ग.

आणि हे अजिबात करू नका

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. झाकण आतला दाब धरून ठेवतं. वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, म्हणून ते इतकं तापूनही शांत असतं. झाकण फिरवलं की दाब एकदम पडतो आणि तेच पाणी क्षणात उकळून कारंज्यासारखं तोंडावर उडतं. किमान अर्धा तास थांबा आणि वरची नळी हाताला गार लागल्यावरच जाड फडक्याने झाकण हळूहळू सैल करा.

तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. धातूचा एक भाग झटकन आकसतो, दुसरा तापलेलाच राहतो. त्यातून हेड वाकू शकतं किंवा तडा जाऊ शकतो. सावलीत उभी करा, आपोआप गार होऊ द्या.

कूलंटच्या जागी कायम बोअरचं पाणी वापरू नका. अडचणीत, इंजिन गार झाल्यावर, पाणी टाकून गॅरेजपर्यंत जाणं ठीक. पण जड पाण्याचे क्षार आत थर धरतात आणि बारीक नळ्या बुजवतात. कूलंट गंज रोखतं आणि उशिरा उकळतं.

आणि तरीही हात किंवा पोटरी भाजलीच, तर त्या जागेवर २० मिनिटं साधं गार, वाहतं पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, बर्फ यातलं काहीही लावू नका. फोड मोठा असेल किंवा चेहरा भाजला असेल तर लगेच डॉक्टरकडे जा.

किलोमीटरपेक्षा तास मोजा

दिवसभर बाईकवर असणाऱ्या डिलिव्हरीवाल्या मुलांसाठी शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. सर्व्हिसिंग किती किलोमीटरनंतर करायचं, हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण ट्रॅफिकमध्ये इंजिन तासभर चालू राहतं आणि मीटरवर पडतात पाच-सात किलोमीटर. मीटरला तो तास दिसत नाही, ऑइलला मात्र तो सोसावा लागतो. तापत राहिलेलं ऑइल पातळ आणि काळं होतं, त्याची पकड जाते.

म्हणून ज्यांची गाडी रोज दहा-बारा तास शहरातच फिरते, त्यांनी पुस्तिकेतल्या आकड्याची वाट न बघता ऑइल लवकर बदलावं. कंपन्यांच्या पुस्तिकांमध्येही कठीण परिस्थितीत गाडी चालवणाऱ्यांनी देखभाल लवकर करावी, अशी सूचना बहुधा असतेच. ती आपण वाचत नाही, एवढंच. ज्याची रोजची कमाई त्या एका इंजिनावर चालते, त्याच्यासाठी वेळेवर बदललेलं ऑइल हा इंजिन कामाच्या खर्चापुढे फार स्वस्तातला सौदा आहे.